तिने स्वतःच्या पेशी पाहिल्या

सत्तरच्या दशकात मी मुंबईतल्या एका इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ होते. घर कर्जतला. खेड्यातल्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर किती लवकर ओळखता येतो, याचा अभ्यास आमच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई करत होत्या. मी त्या बाजूची, म्हणून कर्जतजवळच्या कडाव गावातल्या शिबिराला त्यांनी मला बरोबर घेतलं.

शाळेच्या खोलीत पडदा बांधून बाई तपासत आणि लाकडी चपट्या काडीने स्राव घेत. मी तो काचेवर पसरून लगेच स्पिरिटच्या बरणीत बुडवायची. पहिल्या दिवशी सहाच बायका आल्या. शेवटची चाळिशीची, घरची भातशेती करणारी. "पांढरं जातंय अंगावरनं, बाकी काय नाय," एवढंच ती बोलली.

आठवड्याने मी तिची रंगवलेली काच मायक्रोस्कोपखाली धरली. पेशींची केंद्रकं फुगलेली, काळपट, वेडीवाकडी. मी बाईंना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "तुकडा काढून तपासायला हवा. तिला घेऊन या."

रविवारी मी कडावला तिच्या घरी गेले. ती ओटीवर तांदूळ निवडत होती.

"मला कायच दुखत नाय, बाय."

"दुखायला लागायच्या आधीच जायचं असतं, ताई."

"तुमी बघितलंत ते?"

"हो. काचेवर."

"मग मला दाखवा. दाखवणार असाल तर येते."

असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. बाईंना विचारलं, तर त्या हो म्हणाल्या, आणि ती मुंबईला इस्पितळात आली तेव्हा त्यांनी मायक्रोस्कोपपुढचं स्वतःचं स्टूल तिच्यासाठी पुढे सरकवलं. आधी तिला आपल्याच पापण्या दिसल्या. मग चित्र जमलं.

"यातल्या वायट कोणच्या?"

मी दाखवल्या. शेजारी एका निरोगी बाईची काच लावली. तिने दोन्ही आळीपाळीने पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. मग हात पदराला पुसून म्हणाली, "करा काय करायचं ते."

तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला, पण वरवरचा. तिची पिशवी काढली. ती पिशवी तपासणीसाठी आमच्याकडेच आली, तिचे तुकडे मीच कापले. कडा स्वच्छ होत्या, म्हणजे आजार मागे उरला नव्हता. वहीत तिच्या नंबरापुढे मी तसं लिहिलं.

पुढच्या शिबिराला ती शाळेच्या दारात अकरा बायका घेऊन उभी होती. त्यांत तिची थोरली जाऊ होती. जावेला वर्षभर रक्त जात होतं आणि तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा आजार पसरलेला निघाला. विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले, पण भातकापणीच्या आधी ती गेली.

मी भेटायला गेले तेव्हा ही धाकटी जाऊ म्हणाली, "मी बोलले नसते तर ती शिबिरालाबी आली नसती." मग तिने विचारलं, "तिची काच हाय तुमच्याकडं?"

"आहे."

"कशी दिसते?"

"तुमच्या काचेपेक्षा वाईट. रक्तच फार होतं."

तिने मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली. त्यानंतरच्या शिबिराला ती जावेच्या दोन्ही सुना घेऊन आली. दोघींच्या काचा चांगल्या निघाल्या.