गाळातले जीव

नंदा गेल्याचा फोन सांगलीच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी आधी त्या माणसाचीच उलटतपासणी घेतली. पेशंटचं पूर्ण नाव सांगा, वॉर्ड सांगा... फौजेत हयात गेली, संशय अंगात मुरलाय. धाकटी बहीण गेली हेसुद्धा मला सुखासुखी पटलं नाही.

नंदा समुद्राच्या तळाच्या गाळावर संशोधन करायची. आजारी पडून मलकापूरला घरी आली, ती काळ्या गाळाची बरणी घेऊनच. गाळावर बोटभर खारं पाणी, झाकण घट्ट. "दादा, यात जीव हायती," म्हणाली. मी निरखून बघितलं, काही हलेना. "डोळ्यांला दिसत न्हाईत रं. वाऱ्याबिगर जगत्यात. तुज्या उसाचा युरिया कृष्णेतनं वाहत समुद्रात जातो न्हवं? त्यातलं नत्र ही मंडळी परत हवेत सोडत्यात." मी म्हटलं, "म्हंजे मी टाकायचा आन् ह्यांनी उडवायचा? चोरच की गं!" लय हसली. हसता हसता खोकत राहिली. सांगलीला नेताना तिनं बजावलं, "माझी विद्यार्थिनी बरणी न्यायला यील. तवर झाकण उघडू देऊ नगंस. वारं शिरलं, पाणी बदललं, की माझं सगळं काम मातीत."

तेरावं झालं आणि बघतो तर बरणीतलं पाणी वर चढलेलं! बंद बरणीत पाणी वाढेल कसं? बायकोला विचारलं, तर ती फणकारली, "त्या घाणीला मी कशाला हात लावू?" मग माझा संशय गेला विद्यार्थिनीवर. दिवसकार्याला आली होती, बरणीपाशी घुटमळली होती, "गाडी घेऊन येते" म्हणून गेली होती. नंदाच्या कामावर डल्ला मारायला बरणीच बदलली असणार! फोनवर वाट्टेल ते बोललो तिला. पोरगी रडली. पाणी मात्र चढतच होतं.

शेवटी सकाळी दाराआड पाळत ठेवली. आई आली. तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी तिनं झाकण काढून बरणीत ओतलं.

"आई! काय करतीस हे?"

"आरं, नंदाच म्हणलीवती न्हवं, यात जीव हाय म्हणून? जीव हाय तर तहान लागायची न्हाई व्हय?" मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "तिला शेवटचं घोटभर पाणी पाजायला गावलं न्हाई मला. दवाखान्यात आत सोडलंच न्हाई कुणी..."

विद्यार्थिनी गाडी घेऊन आली. बरणी बघताच तिला कळलं, नंदाचं काम गेलं. मी माफी मागणार, तोच आईनं तिचा हात धरला. "बाय, तिकडं पाजशील न्हवं ह्यास्नी पाणी?"

पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं. "पाजीन, आजी," म्हणाली, आणि बरणी दोन्ही हातांनी उचलून घेऊन गेली.