झुंबरच्या नावाचं रक्त

मखमलाबादच्या चंद्रभागाबाईंना कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय जेवण जात नसे. झेंडू-शेवंतीचं शेत होतं, रोज सकाळी नाशिकच्या फुलबाजारात पाटी लागे. तिथं त्या हवालदाराचा आवाज काढून शेजारणींची पळापळ उडवत आणि रिकाम्या झालेल्या जागेत स्वतःची पाटी सरकवत.

धाकटी जाऊ झुंबर मात्र गरीब स्वभावाची. अठ्ठ्याहत्तर साली तिच्या पायांवर सूज दिसू लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं. सुई म्हटली की झुंबरला दरदरून घाम फुटायचा. लॅबच्या दारापर्यंत कशीबशी आली आणि ओट्याच्या खांबाला मिठी मारून बसली.

"जाऊबाई, मी नाय जायची आत. मेले तरी नाय!"

"मरू नको, बाई. उद्याची फुलं कोण तोडील?"

चंद्रभागाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला. आतून झुंबरच्या नावाची हाक आली, तशा त्या नव्या नवरीसारख्या लाजत गेल्या आणि हात पुढे केला. बाहेर आल्यावर दोघी पोट धरधरून हसल्या.

रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "झुंबरबाई, तुमचं क्रिएटिनिन वाढलंय. मूत्रपिंडं रक्तातली घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. तुमची थोडी मागं पडायला लागलीत, म्हणून ती रक्तात साचतेय. आत्ता दुखणार नाही, कळणारही नाही. पण हयगय केली तर पुढं जड जाईल. लोणचं, पापड बंद. मीठही अगदी कमी."

झुंबर रडत रडत अळणी भाजी गिळू लागली. समोर चंद्रभागाबाई मिटक्या मारत लोणचं खात होत्या.

"काय गं, गोड लागतंय का?"

झुंबरनं डोळे पुसले.

"जाऊबाई, रगत कोणाचं व्हतं?"

चंद्रभागाबाईंचा घास हातातच राहिला. झुंबरनं लोणच्याची बरणी आपल्याकडं ओढून घेतली.

दोघी पुन्हा दवाखान्यात गेल्या. खरं कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना शाळकरी पोरींसारखं झापलं, आणि मग तोंडाला रुमाल लावून खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. या वेळी दोघींचं रक्त घेतलं. झुंबरनं डोळे गच्च मिटून गावदेवाला हाका मारल्या. तिच्या अंगात रक्त कमी होतं, म्हणून सूज. लोहाच्या गोळ्यांवर भागलं. चंद्रभागाबाईंचं क्रिएटिनिन मात्र पुन्हा वाढलेलंच निघालं. रक्तदाबही चढलेला. डोकं ठणकलं की त्या वर्षानुवर्षं दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळ्या खात आल्या होत्या.

"त्या गोळ्या आधी बंद, त्यांनी मूत्रपिंडं बिघडतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लवकर सापडलंय, हे नशीब समजा."

चंद्रभागाबाईंनी दोन-चार दिवस कुणाचीच खोडी काढली नाही. घरात एवढी शांतता कुणालाच सोसेना. मग झुंबरनंच त्यांना रक्तदाबाचं औषध देणं, पुढच्या तपासणीला नेणं अंगावर घेतलं. पापडाचा डबा ती कुलपात ठेवी आणि किल्ली कमरेला खोची. चंद्रभागाबाई तिला "माझी सासू" म्हणू लागल्या. चोरून खाल्लं की बोलणी खात. पण औषध चुकवलं नाही आणि क्रिएटिनिनचा आकडा फारसा वाढला नाही.

सत्त्याऐंशी साली झुंबरच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात अजूनही ठणठणीत असलेल्या चंद्रभागाबाईंनी जाडजूड विहीणबाईंना फुगडीला ओढलं, रंगात आणलं आणि ऐन वेगात हात सोडून दिले.