झगेवाल्याचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सुलभाला — म्हणजे बायकोला — तर नाहीच. तिला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या कोळीवाड्याला कळतं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या वाड्यातले नाही म्हणून. आणि दुसरं म्हणजे, दर शनिवारी मला एक पुडी घेऊन खाडीच्या पुलावरून जावं लागतं, आणि ते आता सहन होत नाही.

पुडीचं नंतर. आधी छंदाचं सांगतो, म्हणजे तुम्ही थोडं हसाल आणि मला पुढचं बोलायला बरं पडेल.

माझं रेवदंड्याच्या बाजारात चष्म्याचं दुकान आहे. बारीक स्क्रू, चिमटे, भिंग — ही माझी हत्यारं. दहा वर्षांपूर्वी हरेश दुकानात आला. हरेश माझा शेजारी, आमच्या दोघांच्या अंगणांमधे एकच गडगा, कमरेएवढी दगडी भिंत. स्वतःची होडी आहे, हाताचा पंजा सुपाएवढा. त्याने खिशातून प्लॅस्टिकचं नखाएवढं डोकं काढलं आणि म्हणाला, याचे डोळे रंगवायचेत, मला जवळचं दिसत नाही. त्याच्या बोटीवर जाणाऱ्या मामेभावाने परदेशातून सुपरहिरोच्या बाहुल्याचा सुट्या भागांचा संच आणला होता. भाग कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. त्याला जवळचा नंबर निघाला. आणि मला नाद लागला — दोन महिन्यांत माझाही संच आला. दोन बाप्ये, पोरंबाळं मोठी झालेली, आणि पडवीत मांडी घालून बसून निळ्या चड्डीचा एक वीर घासतायत. लोक हसले. हसू देत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा वाड्यातले बाकीचे लोक पत्ते कुटतात. आम्ही निदान काही जोडत तरी होतो.

खरं सांगू? हरेश माझ्यापेक्षा चांगला होता. हे कबूल करायला मला दहा वर्षं लागली, आणि तेही तुमच्यापाशी. ज्या हातांनी तो जाळं ओढायचा त्याच हातांनी एका केसाच्या ब्रशने नखं रंगवायचा — एकेक नख, त्याच्या मुळाशी फिकट चंद्रकोर. मी त्याला शिकवायचो. म्हणजे मी बोलायचो आणि तो करायचा. गुरू मी होतो, असं मी सगळ्यांना सांगत असे.

मग झगेवाला आला. हातभर उंच, हिरवा झगा वाऱ्यावर उडालेला, उजवा हात मूठ वळून आभाळाकडे. पेटीवर नाव जपानीत, आम्हाला वाचता येईना, म्हणून झगेवाला. हरेशने अख्खा पावसाळा त्याच्यावर घातला. फक्त शेवटचं वार्निश ठेवलं, कारण आमच्या दमट हवेत पावसात मॅट, म्हणजे बिनचमकीचं, वार्निश मारलं की त्यावर पांढरा बुरा धरतो. ते त्याने दसऱ्यानंतर मारलं. मुंबईत अशा बाहुल्यांचं एक प्रदर्शन होतं, मांडव्याहून लाँचने तो घेऊन जाणार होता. पन्नाशी उलटलेल्या माणसाने नवे कपडे शिवले होते, यावरून काय ते समजा. त्याआधी समुद्रावर एक फेरी होती, चार दिवसांची. जाताना झगेवाला माझ्याकडे दिला. म्हणाला, घरात मांजर आहे, तुझ्या कपाटात सुरक्षित राहील. आणि म्हणाला, याला हात नको लावू, झालाय तो.

हात नको लावू. मला. गुरूला.

मी दोन दिवस कपाट उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं. झगा जरा जास्तच चमकतोय असं मला वाटलं. वाटलं म्हणजे — वाटून घेतलं. मी त्यावर वार्निशचा एक हात मारला. माझाही हात फिरलेला असला म्हणजे मग प्रदर्शनात तो थोडासा माझाही, नाही का? पण ती बाटली जुनी होती. वार्निश वाळेचना. सकाळी बोट लावलं तर बोटाचा ठसा. आणि हरेश दुसऱ्या दिवशी परत येणार.

आता जे केलं ते आमच्याच वाड्यातला माणूस करेल. आमच्याकडे कुठलीही गोष्ट वाळवायची म्हणजे एकच जागा. अंगणात सुलभाची बोंबलांची वलांडी उभी होती — बांबूंची चौकट, तिच्यावर दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून टांगतात. भरपूर ऊन, भरपूर वारा. मी झगेवाल्याला पायाकडून सुतळी बांधली आणि दोन बोंबलांच्या मधे उलटा टांगला. जगाला वाचवणारा माणूस, डोकं खाली, मूठ जमिनीकडे, दोन्ही बाजूंना बोंबील. मी चहा घ्यायला आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा वलांडीवर कावळा होता. कावळे बोंबलासाठी येतातच, त्यासाठी सुलभा काठी घेऊन बसते. त्या दिवशी ती बाजारात गेली होती आणि काठीवर मी असायला हवा होतो. कावळ्याने माझ्याकडे बघितलं, झगेवाल्याची मूठ चोचीत धरली, आणि एक हिसका. उजवा हात खांद्यापासून घेऊन तो माडावर गेला. मी ओरडलोही नाही. ओरडलो असतो तर लोक जमले असते.

झगेवाल्याच्या झग्यावर एक बोंबील चिकटला होता. तो सोडवला तर त्याचा ठसा राहिला, डोळ्यासकट.

इथपर्यंत जे झालं ते मूर्खपणाचं होतं. मूर्खपणाला माणसं माफ करतात. हरेशने चार शिव्या घातल्या असत्या, आठ दिवस बोलला नसता, झालं. मी एवढंच म्हणायला हवं होतं — अरे, चूक झाली. तीन शब्द. मला ते जमलं नाही. का? कारण मग त्याने विचारलं असतं, वार्निश का मारलंस.

त्याऐवजी मी दुकान बंद ठेवलं आणि कामाला बसलो. मोबाइलवर मांजराच्या जबड्याची चित्रं बघितली. सुळ्यांमधलं अंतर मोजून घेतलं. सुई तापवली आणि तुटलेल्या खांद्यावर चार भोकं पाडली, वर दोन, खाली दोन, किंचित तिरकी, म्हणजे ओढल्यासारखी. पाठीवर ओरखडे काढले. दातांच्या खुणांत थोडा तपकिरी रंग पातळ करून सोडला. आणि शेवटी — हे सांगताना मला अजून थोडा अभिमान वाटतो, माझ्यासारखा निर्लज्ज मीच — लाळ दिसावी म्हणून एक थेंब चकचकीत वार्निश. दहा वर्षांत असं काम माझ्या हातून झालं नव्हतं. पुन्हा झालंही नाही.

हरेश आला. त्याने भिंग लावून बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तो हळूच म्हणाला, “राणी.”

राणी म्हणजे त्याच्या आईची मांजर. काशीआय — आम्ही सगळेच तिला काशीआय म्हणतो — ऐंशीच्या पुढची. हरेश समुद्रावर, सून मासे घेऊन बाजारात. दिवसभर घरात काशीआय आणि तिच्या पायाशी राणी. राणी पिवळी होती, लठ्ठ, म्हातारी, आणि तिला गडग्यावरून माझ्या अंगणात यायलाही दोनदा विचार करावा लागायचा. पण पुराव्यापुढे कुणाचं चालतं? झग्यावर बोंबलाचा ठसा होता, खांद्यावर दात होते. कपाटात दमट लागेल म्हणून याला घटकाभर उन्हात ठेवला, तेवढ्यात ती बोंबील खायला आली आणि सोबत याचाही घास घेतला, असं मी समजावून सांगितलं. मी फार समजावून सांगतो.

काशीआय उंबऱ्यात बसून होती. ती एवढंच बोलली, “राणी नाय करनार.” कुणी लक्ष दिलं नाही.

हरेश मुंबईला गेला नाही. नवे कपडे खुंटीलाच राहिले. आणि तो म्हणाला, मांजर घरात नको. आमच्याकडे म्हणतात की मांजर पाणी ओलांडून नेलं की परत येत नाही. कोण नेणार? मी म्हणालो, मी नेतो. दोस्ताच्या दुःखात एवढंही करायचं नाही? राणीला टोपलीत घालून, वर फडकं बांधून, स्कूटरवरून पुलापलीकडे नेलं. ती वाटभर ओरडली नाही, त्याचं मला बरं वाटलं. मासे सुकवायच्या एका खळ्यावर टोपली उपडी केली. मासळी मुबलक, मजेत राहील, असं स्वतःला सांगितलं आणि मागे न बघता आलो.

हरेशने पुढे पुट्टी लावून नवा हात केला. बोटभर लांब झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवतो, मांजराची गोष्ट सांगतो आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, हा होता म्हणून बाकीचा तरी वाचला. मूळचा हातही सापडला. माडावरून झावळ्या उतरवल्या तेव्हा मलाच सापडला, मूठ वळलेला, पाचही नखं शाबूत. तो माझ्या बटणांच्या डब्यात आहे. आठवड्यातून एकदा मी डबा उघडतो आणि परत लावतो.

यावर मी निभावून नेलं असतं. लोक याहून मोठ्या गोष्टी पचवतात. पण यंदा होळीच्या आधी काशीआय चष्म्याचा नंबर काढायला दुकानात आली. तिला खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली आणि काच बदलायला वाकलो. माझं तोंड तिच्या तोंडापासून वीतभरावर होतं. ती भिंतीवरच्या अक्षरांकडे बघतच नव्हती.

“राणीला दात कुठं होते रं?” ती म्हणाली. “दोन वरसं झाली होती परून. मी बोंबील कुसकरून घालायची तिला.”

माझ्या हातातली काच हातातच राहिली. दात नव्हते. मी सुळ्यांमधलं अंतर मोजलं होतं. टोपलीत घालताना तिचं तोंड एकदाही बघितलं नव्हतं. आणि मग मला ते खळं आठवलं, तिथली कडक सुकी मासळी आठवली.

मी विचारलं, हरेशला का नाही सांगितलंस?

“त्याला तू एकलाच दोस्त हायस,” ती म्हणाली. मग नाकावरची फ्रेम सावरत, “कुठं सोडलीस तिला?”

बघा, इथे दार उघडं होतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. तिला सगळं ठाऊकच होतं, मला फक्त मान खाली घालायची होती. तुम्ही काय केलं असतं? मी म्हणालो, “चांगल्या घरी, काशीआय. एक बाई आहे, रोज कालवून भरवते.”

“मग बरं,” ती म्हणाली, आणि अक्षरं वाचायला लागली.

त्याच दुपारी मी पुलापलीकडे गेलो. सगळी खळी पालथी घातली, बायकांना विचारलं. पिवळी मांजर, म्हातारी, बिनदाताची. कुणी बघितली नव्हती.

तेव्हापासून दर शनिवारी काशीआय गडग्यावरून एक पुडी देते. वर्तमानपत्रात बांधलेला बोंबील, भाजून, काटे काढून, बारीक कुसकरलेला. त्या बाईला दे, म्हणते, तिलाच किती त्रास. मी ती पुडी घेऊन पूल ओलांडतो, खळ्याच्या कडेला उघडतो, आणि दात असलेली चार-पाच मांजरं येऊन खातात.

कालही शनिवार होता. पुडी दिली, मी घेतली. राणी कशी आहे विचारलं, तर म्हणालो, जाड झालीय.