भैरूच्या नावावर घातलेला राग

पिंपरीच्या एका औषध कंपनीत ज्योतीराम उंदीर सांभाळायचा. कासारवाडीतल्या आमच्या आळीत बायका त्याला तोंडावर ‘उंदीरमामा’ म्हणायच्या, आणि हा गडी रागवायचं सोडून मिशीवरून हात फिरवायचा. उंदीरही साधे नव्हते. पांढरेशुभ्र, आणि त्यांत दोन घराणी: एक गरीब, एक चावरं. डॉक्टरसाहेब गरिबांची लग्नं गरिबांशी लावत, चावऱ्यांची चावऱ्यांशी, आणि पिढी-पिढीची नोंद ठेवत. स्वभाव रक्तातून उतरतो, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. ज्योतीरामला मात्र दोन्हीकडचे सारखेच, आणि त्याचं बोट कधी कुणी फोडलं नाही.

एकाहत्तर साली डॉक्टरसाहेब चक्क त्याच्या खोलीवर चहाला आले. अख्खी आळी दाराशी. कौशल्याबाईनं, म्हणजे ज्योतीरामच्या बायकोनं, चहात इतकी साखर घातली की साहेबांचे ओठ चिकटले असतील. साहेबांनी कागद काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजा कसा होता, बाप कसा होता, भाऊ कसा आहे?

आपली वंशावळ साहेबाच्या हातानं लिहिली जातेय म्हटल्यावर ज्योतीरामची जीभ सुटली. आज्यानं जंगलखात्याच्या गार्डाला झाडाला बांधला. बापानं जेवणात मीठ जास्त पडलं म्हणून भांडंच विहिरीत टाकलं. आणि रस्त्याच्या कामावर आईला शिवी देणाऱ्या ठेकेदाराला ओढ्यात ढकलला.

“कोणी?” साहेबांनी पेन्सिल थांबवली.

ढकलणारा ज्योतीराम स्वतः होता. पण आठ वर्षं साहेबांसमोर मान खाली घालून वावरलेल्या माणसानं हे सांगायचं कसं? गोष्ट तर फक्कड, वाया घालवायला जीव होईना.

“आमच्या भैरूनं,” तो म्हणाला.

धाकटा भैरू तेव्हा ड्यूटीवर होता. त्याच कंपनीत, पॅकिंगला, टेंपररी. सहा महिने भरायच्या आत ब्रेक द्यायचे, पुन्हा घ्यायचे. गडी बोलायला फटकळ, पण हात कुणावर उचललेला नाही. कायम झालो की वेगळी खोली घेऊ, असं त्यानं बायकोला सांगून ठेवलं होतं.

दोन वर्षांनी कायम करायची यादी लागली. भैरूच्या मागून आलेले सात जण तिच्यात होते. भैरू नव्हता.

ऑफिसातला क्लार्क चिमाजी आमच्याच आळीतला. त्यानं ज्योतीरामला नळाजवळ गाठलं.

“राव, तुमच्या भैरूनं कुठल्या ठेकेदाराला पाण्यात घातलावता?”

“तुला कुणी सांगितलं?”

“फायलीत कागद हाय ना. चौकोन-गोलांचा. खाली लिवलंय, तीन पिढ्या तापट, कायम करू नये. सही तुमच्या डॉक्टरची.”

ज्योतीरामची बादली भरून वाहू लागली तरी त्याला भान नव्हतं. आपल्या घरचा चहा पिऊन माणूस असं करेल, हे त्याच्या डोक्यातच शिरेना. दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला, पहिल्यांदाच मान वर करून.

“साहेब, ठेकेदाराला मी ढकललं. भैरूनं न्हाई. त्याचं नाव काढा, माझं घाला.”

साहेब हसले. “भावासाठी खोटं बोलतोस. आठ-दहा वर्षं बघतोय तुला, तू असं करणारा नाहीस. कंपनीनं विचारलं, मी माझ्याकडचं दिलं. त्यात वैयक्तिक काही नाही.”

“मग दुसरं ऐका. तुमचा सात नंबरचा पिंजरा, सगळ्यात गरीब म्हणून पाहुण्यांना दाखवता तो. त्यांची आई चावरी होती. ती मेली, पिल्लं केकाटत होती, म्हणून मी गरीब मादीखाली घातली. तिनं वाढवली, तशी झाली. कुठं गेलं त्यांचं रक्त?”

आता साहेबांचा चेहरा उतरला. ते उठले, दार लावलं, आणि हलक्या आवाजात विचारलं, “आणखी कोणाला माहीत आहे?”

“कुणाला न्हाई.”

साहेबांनी मोठी वही उघडली आणि सात नंबरच्या पानावर तिरपी रेघ मारली. उंदरांची नोंद अशी एका मिनिटात रद्द झाली. भैरूच्या कागदाला त्यांनी हातही लावला नाही.

संध्याकाळी ज्योतीरामनं भावाला सगळं सांगितलं. भिंती पातळ, आता भांडी उडणार म्हणून आम्ही शेजारी कान लावून बसलो होतो. भांडं वाजलं नाही. भैरूचा आवाज तेवढा आला.

“दादा, ठेकेदाराची माणसं तुला हुडकत आली, तवा तू शेतात लपलावतास. मार मी खाल्ला. त्ये सांगितलंस का साहेबाला?”

“न्हाई.”

“का?”

साहेबांसमोर चहा थंड होईस्तोवर बडबडलेला ज्योतीराम सख्ख्या भावापुढे नुसता सतरंजीचे दोरे उपटत बसला.

आठवड्याभरात भैरूनं भोसरीला एका लहान वर्कशॉपमध्ये काम धरलं आणि तिकडंच खोली घेतली. सामान टेम्पोत चढवताना ज्योतीराम पेटीला हात लावायला पुढे झाला.

“राहू दे,” भैरू म्हणाला. “एकच कर, दादा. माझ्याबद्दल आता कुणाला काय सांगू नकोस.”

टेम्पो गेल्यावर आम्ही साहजिकच चौकशीला जमलो. कुठं गेला, का गेला, परत कधी येणार? ज्योतीराम म्हणाला, “मला माहीत न्हाई,” आणि आत जाऊन त्यानं दार ओढून घेतलं.