सहा फूट सूत

आमचे हे भिवंडीत कापडाच्या लूमवर होते. कानात कापूस घालून बारा तासांची शिफ्ट. तिशीतच त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यांना तिथून सुटायचं होतं आणि सुटायची एकच वाट दिसत होती. नाक्यावरच्या फोटो स्टुडिओला माणूस हवा होता. स्टुडिओवाला म्हणाला, "लग्नातले फोटो कुणीही काढतं. लोक आपणहून उभे राहतात. रानातल्या पाखराचा एक काढून आण, मग ठेवतो." जुना डबा कॅमेरा त्यानेच दिला. एका रोलमध्ये बारा फोटो.

पहिला रोल खाडीवर गेला. बगळे लांब, आणि जवळ गेलं की उडत. धुऊन आलेल्या फोटोंत नुसता चिखल आणि वर पांढरे ठिपके. स्टुडिओवाल्याने विचारलं, "हा बगळा आहे की तांदळाचा दाणा?" लूमवरची माणसं येता-जाता म्हणायची, "क्यों फोटोग्राफर, शेर मिला क्या?"

स्टुडिओवाल्याने दुसरा रोल दिला आणि बजावलं, "हा शेवटचा."

माझं माहेर पडघ्याजवळ. तिथे परसात तगरीच्या झुडपात बुलबुलाचं घरटं होतं, तीन पिलं. घरटं उडून जात नाही, एवढी अक्कल आम्हाला एव्हाना आली होती. शुक्रवारी लूम बंद, म्हणून पहिल्या एसटीने गेलो.

आई म्हणाली, "जावईबापू, कोंबडीचा काढा की. ती लांब पळत न्हाय, नि मग रस्सा पण व्हतो."

तो कॅमेरा सहा फुटांच्या आत धूसर दाखवायचा. ह्यांनी लूमवरचं सूत सहा फूट मोजून आणलं होतं. एक टोक कॅमेऱ्याला, दुसरं मी घरट्यापाशी धरायचं. अंतर जमलं, पण पानांच्या सावलीत काही दिसेना. मीच म्हटलं, "अहो, फांद्या मागे बांधून टाका." त्याच सुताने बांधल्या. घरट्यावर लख्ख ऊन पडलं. वैशाखातलं.

मादी चोचीत किडा धरून कुंपणावर ओरडत होती, खाली येईना. हे म्हणाले, "येईल. होईल सवय तिला." बसून राहिलो. बारा वाजायला आले आणि पिलांनी माना वर करून चोची वासल्या. तिन्ही एकदम.

"अगं, तोंडं बघ त्यांची! हलू नकोस तू."

ह्यांनी एकामागून एक फोटो काढले. इतकं खूश मी त्यांना आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

आई पाणी घेऊन आली आणि थबकली. "काय गो हे? भूक न्हाय ती. उन्हानं धापा टाकतायत. कोंबडीची पिलं कधी बघितलीच न्हाईस?"

बघितली होती. शेतकऱ्याच्या घरची मी, मला कळायला हवं होतं. पण मला पिलं दिसतच नव्हती, स्टुडिओतली नोकरी दिसत होती. फांद्या सोडेपर्यंत दोन गेली. तिसरं चार वाजता. आम्ही निघालो तेव्हाही मादी किडा घेऊन येत होती.

त्यातला एक फोटो एकदम स्वच्छ आला. हे तो दाखवायला तयार नव्हते. मी म्हटलं, "मेली ती मेली. तुम्ही तरी सुटा." तेव्हा घेऊन गेले.

स्टुडिओवाल्याने वाखाणला, मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. बायका पोरांना दाखवायच्या, "बघ, आईकडे कसा खाऊ मागतायत." नोकरीवर त्याने स्वतःच्या मेहुण्याला घेतलं. ह्यांना म्हणाला, "हात चांगला आहे तुझा. पण घरचा माणूस, काय करणार?"

हे लूमवरच राहिले. कान पूर्ण गेले. कामाला जायची वाट त्या काचेसमोरूनच होती. उन्हाने तो फोटो आधी पिवळा पडला, मग पांढरा. पिलं दिसेनाशी झाली तरी त्याने तो काढला नाही.