गोठ्याच्या भिंतीवरचं झाड

डायरेक्टरनी तिसऱ्यांदा माझं रानाचं चित्र परत पाठवलं. "सुंदर आहे, पण कुठलंही आहे," म्हणाले. "सोमवारपर्यंत जमलं नाही तर सीन दुसऱ्याला देतो."

मुलांच्या एका जुन्या, गाजलेल्या गोष्टीवर आमचा स्टुडिओ ॲनिमेशन फिल्म करत होता. गोष्ट घाटातल्या गावची. मी बॅकग्राउंड आर्टिस्ट. पळणारी, बोलणारी पात्रं दुसरे काढतात. त्यांच्यामागचं घर, शेत, रान माझं. घाटाजवळच्या रामनगरला वाढलो असल्यामुळे रान आपल्याला येतंच, असा माझा समज. तरी रेफरन्ससाठी त्याच भागातल्या अणशी गावी गेलो. आईच्या ओळखीच्या भिकूमामांकडे उतरलो.

मामा साठीचे, भातशेती करणारे. त्यांनी माझा टॅब लांब धरला, जवळ धरला.

"ही झाडं कुठली, मास्तर?"

"शेताच्या कडेची."

"मग एकालाबी कोयता लागला न्हाई? शेतात खत काय घालता, कागद?"

मामी आतून हसल्या.

आमच्याकडे शेतालगतच्या झाडांचा हिरवा पाला दरवर्षी तोडतात. तो गोठ्यात गुरांखाली अंथरतात, त्याचं खत होतं. म्हणून ती झाडं सरळ, बारीक, अंगभर गाठी आणि डोक्यावर तेवढा झुबका. लहानपणी रोज पाहिलेली. काढताना मात्र मी पुस्तकातली गोल झाडं काढली होती.

मामांनी चुलीतला कोळसा घेऊन गोठ्याच्या भिंतीवर झाड काढलं. बुंध्यापासून वर, चढतात त्याच क्रमानं. "हितं पाय. हितं धरायचं. शेंडा सोडायचा, न्हाईतर झाड मरतंय." वीस वर्षं मी झाडं काढतोय, माझ्या एकाही झाडावर कुणाला चढता आलं नसतं.

"परत भिंत काळी केली म्हाताऱ्यानं," मामी म्हणाल्या. पण शेजारची दोन जुनी झाडं त्यांनी पुसली नव्हती.

मी फोटो काढला. रेघ न् रेघ उतरवली, रंग भरले. सोमवारी कॉलवर डायरेक्टरनी चित्र मोठं करून पाहिलं. मग म्हणाले, "हे कुठून सुचलं?"

"फिरलो जरा रानात."

खोटंही नव्हतं. त्यावरून मॉडेल शीट झाली, म्हणजे बाकीच्या आर्टिस्टसाठी नमुना. फिल्मभर तीच झाडं. फिल्मच्या शेवटी येणाऱ्या नावांची यादी तपासायला आली, तेव्हा 'ट्री डिझाइन'पुढे माझं नाव होतं. 'कुणी राहिलंय का?' यापुढे मी 'नाही' लिहिलं.

फिल्म आल्यावर लॅपटॉप घेऊन अणशीला गेलो. पहिल्याच सीनला फिल्ममधली मुलगी झाडावर चढू लागली आणि मामा ओरडले, "अगं, आमची झाडं बघ! पोरगी पाय कसा बरोबर ठेवतीय!" शेवटी नावं वर सरकू लागली.

"ह्यांचं नाव कुठं आलं?" मामींनी विचारलं.

"न्हाई आलं. मी दिलंच न्हाई. माझं लावलं."

मामा पडद्याकडेच बघत राहिले. "निदान गावाचं तरी सांगायचं हुतं, मास्तर." मग म्हणाले, "पयल्यापासनं लाव परत. झाडं बघायची हायत."

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओला सगळं लिहून कळवलं. फिल्म बदलता येणार नव्हती. पण मूळ चित्रांचं प्रदर्शन व्हायचं होतं. तिथे कोळशाच्या झाडाचा फोटो मामांच्या नावानं लागला, खाली माझं रंगीत काम. लोक वरच्या चित्रापाशी थांबत होते. मीही थांबलो. पुढच्या फिल्मला मला बोलावलं नाही.

रेफरन्सचा फोटो काढला की त्याच मिनिटाला फाइलला त्या माणसाचं नाव द्यावं. मी दिलेलं नाव होतं 'झाड फायनल'.