उपाशीपोटी खारघर

नेरूळहून निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, एक गाऊन, दातांची डबी, जुन्या तपासण्यांची फाईल आणि सूनबाईने माझा डोळा चुकवून कोंबलेली डिंकाच्या लाडवांची पुडी होती. पुडी मी दारातच काढून तिच्या हातात दिली.

"अगं, उद्याची तपासणी होईपर्यंत गोड बंद."

"विसरलेच," अनघा म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचा आठवा महिना निम्मा सरला आहे. मुलगा नोकरीसाठी मस्कतला, हे जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आम्ही दोघीच, आणि येणारं तिसरं.

आपल्या मंडळाच्या अंकात मी आजवर काश्मीर, केरळ आणि युरोप लिहिलं. युरोपच्या लेखात आल्प्स पर्वताला चार ओळी होत्या आणि टूरवाल्यांनी दिलेल्या पोह्यांना दीड पान. हा लेख नेरूळ ते खारघर एवढाच आहे. रिक्षाने अर्धा तास. पण एवढी घाबरून मी विमानातसुद्धा बसले नव्हते.

कारण सांगते. सहा वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनाचा कर्करोग काढला. औषधं झाली, केस गेले, परत आले, मी पापड लाटायला लागले आणि सगळे विसरले. या वर्षी खोकला राहिना म्हणून एक्स-रे काढला, तर फुप्फुसात ठिपका. डॉक्टर म्हणाले, पेट स्कॅन करू. अंगात एक औषध टोचतात, ते दुखऱ्या पेशींमध्ये जाऊन बसतं आणि यंत्रात चमकतं. पण टोचल्यावर काही तास माणूसच किरणं सोडत राहतो, म्हणून गरोदर बाईने जवळ यायचं नाही. तेव्हा सून घरी, आणि सोबतीला खारघरची तिची आई, म्हणजे माझी विहीण. आधीची रात्र आणि नंतरची रात्र त्यांच्याकडे.

रिक्षावाला बेलापूर गावातला निघाला.

"कुठं जायचा हाय, मावशे?"

"खारघर. टेकडीखालच्या हॉस्पिटलच्या अलीकडे."

त्याने आरशातून पाहिलं. "दाखवाया का भेटाया?"

"भेटायला," मी ठोकून दिलं.

उजव्या हाताला खाडी दिसायला लागली. तो सांगत होता, "ही सगली आमची खाजनं व्हती. पानी उतारला का आमी पोरं निवट्या (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे) धराया जायचो."

ती खाजणं मलाही आठवतात. नव्याने नेरूळला आलो तेव्हा आमची इमारत शेवटची आणि पुढे नुसता चिखल. पहिल्याच संध्याकाळी तिकडून कोल्हे ओरडले. पंचविशीतल्या मी यांना ठामपणे सांगितलं की हा वाघ आहे. खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली आणि उशाशी लाटणं घेऊन झोपले. बाई गं, कोल्हा आलाच असता तर लाटण्याने काय करणार होतीस, पोळी? आठवून मला रिक्षात हसू आलं. पण एक खरं, त्या बाईची भीती खिडकीच्या बाहेर होती. कडी लावली की भागायचं.

"माजी आय बी तितंच व्हती," रिक्षावाला एकदम म्हणाला. "त्या हास्पिटलात. दोन वरसं."

"आता कशी आहे?"

शेजारून ट्रक गेला, भोंगा वाजवत. त्याला ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा विचारलं नाही. उतरताना तो म्हणाला, "सांभालून जा, मावशे," आणि मी भेटायला आलेली नाही हे त्याला कळलं होतं असं मला वाटलं.

विहीणबाई बाराव्या मजल्यावर राहतात. मूळच्या कराडच्या. बाल्कनीतून खारघरचे डोंगर दिसतात, आणि डोंगराखाली ते इस्पितळही. मी खुर्ची फिरवून पाठ करून बसले.

"बघा की," त्या पाणी देत म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. लेकीला तुम्ही ठेवून घेतलीत, डॉक्टरीण नेरूळची हाय म्हणून. आणि माहेरपणाला आलात स्वतः!"

"मग करा की लाड."

"करते. काय करू जेवायला?"

मी यादी सांगितली. भात नको, भाकरी नको, बटाटा नको, फळ नको, डाळसुद्धा बेतानेच. आदल्या दिवसापासून पोटात साखर-पिठाचं काही नको, नाहीतर चित्र नीट येत नाही.

"मग माणसानं खायचं काय वो?"

"अंडी चालतात."

"विहिणीला नुसती अंडी वाढू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कशाला सांगायचं?"

शेवटी भुर्जी आणि मेथीची परतून भाजी झाली. मी जेवत होते आणि त्या समोर असा चेहरा करून बसल्या होत्या की जणू मला शिळंपाकं वाढलंय. जेवण झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला काय वाटतंय? असंल का?"

"काय माहीत."

"माझ्या लेकीचं पोर बघायला पायजे तुम्ही."

"मलाही पाहिजे," मी म्हटलं. मग दोघी भांडी घासायला लागलो. त्यांच्याकडे बाई आहे, तरी घासली.

सकाळी लवकर निघायचं होतं. पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हे त्यांनी स्वतः मला तीनदा बजावलं. मी पायात चपला घातल्या, फाईल काखेत मारली, देवाला नमस्कार केला. विहीणबाई आतून आल्या, माझा हात पुढे आला, त्यांनी हातावर काहीतरी ठेवलं, मी ते तोंडात टाकलं, तळवा चाटला, आणि आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. यात दोघींचंही काही चुकतंय असं दोघींनाही वाटलं नाही.

इस्पितळात तळघरात उतरावं लागतं. तिथे गारठा असतो. खुर्च्यांवर माणसं, कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या डोक्याला रुमाल, आणि कुणीही मोठ्याने बोलत नाही. सिस्टर तरुण होती, चटचट बोलणारी.

"आजी, सकाळपासून काय खाल्लंय?"

"काही नाही."

"चहा? बिस्कीट?"

"छे हो," विहीणबाई म्हणाल्या. "मी स्वतः लक्ष ठेवून हाय."

सिस्टरने बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या. माझी साखर तशीही काठावरचीच, पण हा आकडा काठ ओलांडून गेला होता. "आजी, नक्की? गोडबिड काही?"

विहीणबाईंचा हात आपोआप तोंडावर गेला. "अगं बाई. दही-साखर."

"निघताना?"

"निघतानाच. हातावर. चांगल्या कामाला निघताना देतातच की वो."

सिस्टर रागावली नाही. "आम्ही आठवड्यातून एक तरी दही-साखरवाली केस बघतो," ती म्हणाली. "पेशंट उपाशी असतो, घरचे शकुन करून पाठवतात. आता बसा. दुपारी परत साखर बघू. खाली आली तर शेवटी घेते."

"आणि नाही आली तर?"

"औषध रोज सकाळीच बनून येतं आजी, आणि तासातासाला कमी होत जातं. ठेवता येत नाही. मग पुढच्या आठवड्याची तारीख."

पुढचा आठवडा! म्हणजे आणखी आठवडाभर खोकला आला की दचकायचं, आणखी आठवडाभर अनघासमोर हसरं तोंड करून बसायचं. विहीणबाई डोळे पुसत होत्या. "मी काय केलं हो," म्हणत होत्या. खरं तर मला त्यांचा राग यायला हवा होता. पण हात कुणी पुढे केला होता? माझ्यासमोर उद्या यमाने वाटी धरली तरी मी सवयीने हात पुढे करीन.

"चमचा मोठा होता का छोटा?" मी विचारलं.

"मोठा. म्हटलं काम मोठं हाय."

आम्ही दोघी हसलो. समोरच्या माणसाने आमच्याकडे पाहिलं, तेव्हा गप्प झालो.

चालायचं नाही, फिरायचं नाही, नुसतं बसायचं. शेजारी एक मुलगी येऊन बसली. डोक्याला निळा रुमाल, गळ्यात नवं दिसणारं मंगळसूत्र. अंबरनाथहून आली होती. तिची केमोची चौथी सलाईन झाली होती.

"आजी, तुमचं पण स्तनाचं?"

"हो गं."

"किती वर्षं झाली?"

"सहा."

तिचा चेहरा असा उजळला की मी खाली पाहिलं. ती नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंस का? सहा वर्षं झाली. बघ ना कशा ठणठणीत आहेत." मग माझ्याकडे वळून, "आता नेहमीचं चेकिंग ना?"

"नेहमीचंच," मी म्हटलं.

"केस पण किती छान आलेत तुमचे!"

मी तिला माझ्या विगची गोष्ट सांगितली. सहा वर्षांपूर्वीची मी शहाणी होते. कॉलनीत सगळ्यांना हर्निया सांगितला होता. हर्नियाने केस का जातील, हे कुणी विचारलं नाही हे त्यांचे उपकार. विग घेतला तोही एका नटीसारखा, खांद्यापर्यंत कुरळा. नेरूळच्या तळ्याकाठी वारा सुटला, विग उडाला आणि एक कुत्रं तो घेऊन पळालं. मी टकलाने त्याच्यामागे. मुलगी इतकी हसली की तिला खोकला आला. खोकला ऐकून माझं हसू तिथेच थांबलं. तिला आत बोलावलं, जाताना तिने माझ्या हातावर हात ठेवला. ती गेल्यावर मला वाटलं, माझं खरं कळलं तर हिचं काय होईल? माझ्या सहा वर्षांवर तिने आशा टांगली होती, आणि एक्स-रेतला ठिपका मी तिच्यापासून लपवला होता.

दुपारी साखर उतरली. सिस्टरने अंगठा वर करून दाखवला.

औषध जाड धातूच्या डबीत येतं. देणाऱ्या माणसाला त्यापासून जपतात आणि आपल्या शिरेत मात्र ते सोडतात. मग एका खोलीत आरामखुर्चीवर एकटं पडून राहायचं. "बोलायचं नाही, वाचायचं नाही, मोबाईल नाही," सिस्टर म्हणाली. मला न बोलण्याची शिक्षा म्हणजे काय, हे मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे.

दार लागलं. पांघरुणात मला थंडी वाजत होती. औषध आता अंगभर हिंडत असेल, दारं ठोठावत असेल, कुठे कुणी लपलंय का बघत असेल. मी श्वास बारीक घेत होते, जणू त्याला फुप्फुसाचा पत्ता लागू नये. पहिल्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं होतं, "मलाच का? मी तर कधी बाहेरची भेळसुद्धा खाल्ली नाही!" त्या बाईला वाटत होतं की कुठेतरी हिशेब असतो. आता तो प्रश्न डोक्यात आलाच नाही. एवढंच येत होतं, आत्ता नको. बाळ होऊ दे. मग म्हटलं, बाळ झालं की म्हणशील बसू दे, बसलं की म्हणशील चालू दे. माझी हाव मला कळत होती. तरी मी म्हणत राहिले, आत्ता नको, आत्ता नको, आणि उशी ओली झाली. न बोलता जेवढं रडता येतं तेवढं रडले.

यंत्रात फार काही नसतं. पाळण्यासारखी फळी आत जाते आणि बाहेर येते.

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाली, "भरपूर पाणी प्या. आज लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब." विहीणबाईंनी माझ्याशेजारीच खुर्ची ओढली आणि डबा उघडला. थालीपीठ, लोणी, लसणाची चटणी.

"लांब बसा, किरणं लागतील."

"लागू द्या. मला कुठं दिवस गेलेत!"

मी तीन थालीपिठं खाल्ली. युरोपातल्या पोह्यांबद्दल लिहिलेलं सगळं मी या ठिकाणी मागे घेते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. तरुण होते, थकलेले होते, पण नजर चुकवत नव्हते. तेवढ्यावरून मी अंदाज बांधायला लागले. त्यांनी पडद्यावर माझं आतलं सगळं दाखवलं. काळ्यात एक फिकट डाग.

"ठिपक्याने थोडं औषध घेतलंय. फार नाही. जुन्या सुजेनेही असं होतं. सुई घालून तुकडा काढण्याइतका तो मोठा नाही. बाकी कुठे काही नाही."

"म्हणजे आलाय का न्हाई?" विहीणबाईंनी विचारलं.

"आज सांगता येणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. वाढला तर उपचार आहेत."

मी म्हटलं, "तीन महिन्यांनी घरात तान्हं बाळ असेल, डॉक्टर."

"मग त्या दिवशी बाळाला घ्यायचं नाही," ते म्हणाले. "एकच दिवस."

परतीच्या रिक्षातून मी बाहेर बघत होते. खाडीवर भरती होती, चिखल दिसत नव्हता. प्रत्येक प्रवासातून मी काही ना काही आणलं आहे. काश्मीरहून केशर आणलं, त्या करडईच्या पाकळ्या निघाल्या. युरोपहून चॉकलेटं आणली, ती विमानतळावरच वितळली. या वेळी 'आज सांगता येणार नाही' एवढंच घेऊन चालले होते. ते कुठे ठेवायचं हे मला कळत नव्हतं. घाबरणं थांबलं नाही, थांबेल असंही वाटत नाही.

अनघा जिन्यातच उभी होती. मी तिला डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, एकही गोड न करता. तिने ऐकून घेतलं. मग बोटांवर मोजत म्हणाली, "तेव्हा बाळ महिन्या-दीड महिन्याचं असेल. त्या दिवशी तुम्ही पुन्हा आईकडे?"

"हो. तुझ्या आईला सांगून आलेय."

"आणि ते तुमच्यासाठी रडलं तर?"

"रडू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या रिक्षाने येईन."

'येईन' हे मी फारच जोरात म्हटलं असावं, कारण शेजारच्या बाईंनी दार उघडून बाहेर पाहिलं.